एक टक्का चुकलात, सगळे गेले

नॉर्थ कॅरोलायनात गाडीने तुम्हाला उडवले, तर खटल्यात ज्युरीला एक साधा प्रश्न विचारला जातो. जखमी माणसाच्या स्वतःच्या हयगयीचा या अपघाताला हातभार लागला का? ज्युरीने 'हो' म्हटले की दावा संपला. किती हातभार, हे कोणी मोजत नाही. चालक फोनवर बोलत सिग्नल तोडून आला असेल आणि तुम्ही रस्त्यात उतरताना फक्त एका बाजूला पाहिले असेल, तरी तुमच्या हाती शून्य. हॉस्पिटलचे बिल तुमचे, बुडालेला पगार तुमचा, जन्मभर लंगडणारा पायही तुमचाच.

हा अन्याय आहे आणि तो कायद्याच्या नावाने चालतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी तो केव्हाच मोडीत काढला. कॅलिफोर्नियात १९७५ पासून चुकीची वाटणी होते. एक लाख डॉलरचे नुकसान आणि तुमची चूक दहा टक्के, तर नव्वद हजार मिळतात. काही राज्यांत तुमची चूक निम्म्यावर गेली की दार बंद होते, तेही समजण्यासारखे आहे. पण अलाबामा, मेरीलँड, व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना ही चार राज्ये अजून जुन्याला धरून बसली आहेत. राजधानी वॉशिंग्टन डी.सी.तही तोच नियम आहे, पण तिथे निदान एक खिडकी उघडली आहे. ती पुढे सांगतो.

इथे बसून आपण याची काळजी का करायची? कारण नॉर्थ कॅरोलायनातले शार्लट, रॅलीजवळचे केरी आणि मॉरिसव्हिल, व्हर्जिनिया-मेरीलँडमधली डी.सी.भोवतीची उपनगरे, तिथे मराठी घरे थोडी नाहीत. आणि त्या घरांत दर उन्हाळ्यात पुण्या-ठाण्याचे आईबाबा सहा महिन्यांसाठी जातात. मुलगा-सून कामावर, गाडी चालवता येत नाही, म्हणून संध्याकाळी पायी फिरायला निघतात. पुष्कळ वसाहतींबाहेरच्या रस्त्याला फूटपाथच नसतो. मग बाबा अमेरिकेत सगळे उजवीकडून चालते म्हणून उजव्या कडेने चालतात, गाड्यांकडे पाठ करून. नॉर्थ कॅरोलायनाचा कायदा सांगतो की फूटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालावे. फूटपाथ बांधला नाही सरकारने, गाडी अंगावर घातली चालकाने, आणि हातभार लावला बाबांनी!

खरा घात कोर्टात होत नाही, फोनवर होतो. अपघातानंतर दोन-चार दिवसांत चालकाच्या विमा कंपनीचा ॲडजस्टर, म्हणजे दावे तपासणारा माणूस, फोन करतो. आवाज गोड. आधी तब्येतीची चौकशी, मग 'जबाब रेकॉर्ड केला तर चालेल ना?' आणि मग बारीक बारीक प्रश्न. कपडे गडद रंगाचे होते का? झेब्रा क्रॉसिंग किती अंतरावर होते? गाडी पहिल्यांदा कधी दिसली? दिसलीच नाही म्हणता, म्हणजे तुम्ही त्या बाजूला पाहत नव्हता? यातला एकही प्रश्न कुतूहलाचा नाही. तो एक टक्का शोधायचे काम चालले आहे.

आपली माणसे नेमकी इथे सापडतात. समोरचा सभ्यपणे बोलतोय म्हटल्यावर आपणही मोठेपणा दाखवतो. 'थोडी चूक आमचीही झाली हो, घाईत होतो.' भारतात असे म्हटल्याने आभाळ कोसळत नाही. आपल्याकडे मोटार अपघात न्यायाधिकरणात जखमीची चूक निघाली तर तेवढ्या प्रमाणात रक्कम कापतात, बाकीची मिळते. मोटारसायकलवर तिघे बसले होते एवढ्यावरून त्यांचीही हयगय होती असे धरता येणार नाही, तिच्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दिसले पाहिजे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. आपल्या न्यायाधिकरणांचा उशीर, तारखा, वसुलीची रखडपट्टी यांवर लिहावे तेवढे थोडे. पण माणसाच्या छोट्या चुकीसाठी त्याला पार उघड्यावर टाकायचे नाही, एवढी माणुसकी आपल्या कायद्यात आहे. त्या चार राज्यांच्या कायद्यात ती नाही.

नियमाचे मूळ पाहा. इंग्लंडात डर्बी गावी एकाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात आडवा खांब टाकला. ऑगस्टमधली संध्याकाळ, घरांत मेणबत्त्या लावायची वेळ. दारूच्या गुत्त्यातून निघालेला एक जण भरधाव घोडा हाकत आला आणि खांबाला अडकून पडला. नीट पाहिले असते तर खांब दिसला असता, म्हणून भरपाई नाही. हा निकाल १८०९ चा. रस्त्यावर मोटार नाही, दारात विमा नाही, त्या काळातला. ज्या इंग्लंडने हा नियम जन्माला घातला त्याने १९४५ मध्ये कायदा करून तो पुसून टाकला आणि चुकीची वाटणी आणली. नॉर्थ कॅरोलायनाला अजून तो खांब रस्त्यातून उचलावासा वाटत नाही.

मेरीलँडचे एक प्रकरण तर वाचताना राग येतो. २००८ मध्ये एका शाळेच्या मैदानावर वीस वर्षांचा एक तरुण लहान मुलांच्या फुटबॉल सरावाला स्वयंसेवक म्हणून मदत करत होता. त्याने उडी मारून गोलचा वरचा दांडा धरला. गोल जमिनीत पक्का रोवलेलाच नव्हता. तो उलटला आणि दांडा याच्या तोंडावर आला. चेहऱ्याची हाडे मोडली, आत टायटॅनियमच्या तीन पट्ट्या घालाव्या लागल्या. ज्युरीने सांगितले की फुटबॉल संघटनेची हयगय होती आणि तिच्यामुळेच इजा झाली. पण दांड्याला लोंबकळणे ही त्याचीही हयगय. मिळाले काय? एक डॉलरसुद्धा नाही. २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च पीठाने पाच विरुद्ध दोन मतांनी सांगितले की नियम बदलायचा तर विधिमंडळाने बदलावा. आणि विधिमंडळात अशी विधेयके वर्षानुवर्षे येतात नि पडतात. न्यायालय म्हणते ते करतील, ते करत नाहीत. मधल्या मध्ये त्या पोराचा चेहरा!

विमा कंपन्या म्हणतात, नियम बदलला तर हप्ते वाढतील. बाकीच्या सेहेचाळीस राज्यांत विमा विकला जातोच ना? धंदा बंद पडला का कुठे? शार्लटहून अर्ध्या तासात साउथ कॅरोलायनाची हद्द लागते. अपघात त्या बाजूला झाला तर थोडी चूक असलेल्या माणसाला थोडी कमी भरपाई मिळते. हद्दीच्या अलीकडे झाला तर काहीच नाही. तोच रस्ता, तीच गाडी, तसेच मोडलेले हाड. याला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि याचा फटका गरिबाला, परक्याला अधिक बसतो. तिथले वकील अशा दाव्यांत आधी फी घेत नाहीत, मिळालेल्या रकमेतला हिस्सा घेतात, बहुधा एक तृतीयांश. दावा एका 'हो' वर कोसळू शकतो म्हटल्यावर लहान दाव्याला हात कोण लावणार? कंपनीला हे पक्के ठाऊक असते, म्हणून तिचे पहिले पत्र अनेकदा नकाराचे असते.

तरी ते पत्र म्हणजे शेवट नव्हे, हे घरोघरी कळले पाहिजे. तुमची चूक सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर आहे. चालकाला अपघात टाळायची शेवटची स्पष्ट संधी होती हे दाखवता आले तर दावा वाचतो. ही वाटही एका जुन्या इंग्रजी खटल्यातून आली. पाय बांधून रस्त्यात सोडलेल्या गाढवाला गाडीवाल्याने चिरडले, आणि १८४२ मध्ये गाढवाच्या मालकाला भरपाई मिळाली. चालक दारूच्या नशेत बेफाम असेल तर नॉर्थ कॅरोलायनात तुमची साधी हयगय आड येत नाही. सात वर्षांच्या आतल्या मुलाला तिथे दोषी धरताच येत नाही. सत्तरीच्या आजोबांना मात्र अशी सूट नाही.

म्हणून तिकडे राहणाऱ्यांनो, अपघात झाला तर पोलिसांना बोलवा, खरे तेवढे सांगा, पण चूक कोणाची हा निवाडा स्वतःच्या तोंडाने करू नका. समोरच्याच्या विमा कंपनीला रेकॉर्ड केलेला जबाब वकिलाशी बोलल्याशिवाय देऊ नका. जागेचे, गाडीचे, अंगावरच्या कपड्यांचे फोटो त्याच दिवशी काढा. मुदत लक्षात ठेवा, इजेच्या दाव्याला व्हर्जिनिया आणि अलाबामात दोन वर्षे, नॉर्थ कॅरोलायना आणि मेरीलँडमध्ये सर्वसाधारणपणे तीन. आपल्या गाडीच्या पॉलिसीत 'मेडिकल पेमेंट्स' हे कलम आहे का ते आजच पाहा, त्यात चूक कोणाची हे न विचारता उपचाराचे पैसे मिळतात. आईबाबा आले की पहिल्या दिवशी त्यांना डाव्या कडेने चालायला शिकवा आणि अंधारात फिरायचे तर उजेडात चमकणारे जाकीट घ्या.

पण हे सगळे अंग वाचवणे झाले. नियम बदलला पाहिजे, आणि तो बदलता येतो. वॉशिंग्टन डी.सी.ने २०१६ मध्ये कायदा करून पादचारी आणि सायकलस्वारांना यातून बाहेर काढले. आता त्यांची चूक निम्म्याहून जास्त असेल तरच दावा बुडतो. जे डी.सी.ला जमले ते त्या चार राज्यांच्या राजधान्यांना, रॅलीला, रिचमंडला, ॲनापोलिसला, माँटगोमेरीला जमायलाच हवे. त्या राज्यांत नागरिकत्व घेऊन मतदार झालेली मराठी माणसे आता थोडीथोडकी नाहीत. गणपतीला हॉल भरवता, तसे एकदा आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधीलाही हॉलवर बोलवा आणि सगळ्यांसमोर विचारा की हा नियम काढायला तुम्ही मत देणार का.