वाईट बातमी पहिल्या ओळीत लिहा

सादरीकरणाच्या कार्यशाळांत अक्षरांचा आकार शिकवतात, रंगसंगती शिकवतात, एका स्लाइडवर किती ओळी असाव्यात तेही शिकवतात. या सगळ्या किरकोळ गोष्टी आहेत. बटबटीत रंगांमुळे आजवर कुठलाही धंदा बुडालेला नाही. सांगायलाच हवी ती गोष्ट तळाला, बारीक अक्षरांत ढकलली की मात्र सादरीकरणाचा घात होतो. कधी कधी माणसांचाही होतो.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान झेपावलं. सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखावर आदळला. यानात सात जण होते, त्यांत आपल्या कर्नालची कल्पना चावला. यान अवकाशात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज पॉवरपॉइंटवर नासापुढे मांडला. त्यातल्या एका स्लाइडची माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी नंतर ओळ न् ओळ चिरफाड केली. मथळा वाचून वाटतं, चाचण्यांचा कौल सुरक्षिततेकडे आहे. खाली मुद्दे, उपमुद्दे आणि त्यांचेही उपमुद्दे. ‘लक्षणीय’ या अर्थाचा शब्द पाच वेळा येतो, पण किती म्हणजे लक्षणीय हे एकदाही कळत नाही. अगदी तळाच्या ओळीत लिहिलंय की चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा होता आणि यानावरचा १,९२० घनइंचांचा.

म्हणजे ६४० पट मोठा! सगळी बातमी त्या शेवटच्या ओळीत होती. ‘आपल्या चाचण्या या तुकड्याला लागू होत नाहीत’ एवढाच मथळा हवा होता, बाकी स्लाइड कोरी असती तरी चाललं असतं.

१ फेब्रुवारीला परतताना टेक्सासच्या आकाशात यानाचे तुकडे झाले. सातही जण गेले. दोष एकट्या स्लाइडचा नव्हता. यानाची छायाचित्रं मिळवण्याची अभियंत्यांची धडपडही वरच्यांनी पुढे जाऊ दिली नव्हती. तरीही चौकशी मंडळाने त्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या अहवालात स्लाइडचा मुद्दाम समाचार घेतला. ही स्लाइड वाचून एखाद्या वरिष्ठाला जिवावरचा धोका उमगला नाही, तर ते समजण्यासारखं आहे, असं मंडळाने नोंदवलं. तांत्रिक निबंधांऐवजी स्लाइडांवर काम भागवायच्या नासाच्या सवयीवरही ठपका ठेवला.

आता आपल्या कचेरीतला तिमाही आढावा बघा. पहिल्या पाच स्लाइडांत कंपनीचा इतिहास, व्हिजन, शाखांचा नकाशा. खोलीतल्या प्रत्येकाला हे पाठ आहे. विक्री घसरल्याची बातमी येते सतराव्या स्लाइडवर, ‘चॅलेंजेस’ या मथळ्याखाली, तेव्हा निम्मे लोक पुढच्या मीटिंगला निघालेले असतात. ऑर्डर काढून घेणाऱ्या ग्राहकाचं नाव कुठेच नसतं. आलेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी नव्वदपासून सुरू केलेला असतो, म्हणजे दोनाची वाढ डोंगराएवढी दिसावी. याला मी चूक म्हणणार नाही. ही लबाडी आहे. आणि पडद्यावरची ओळ न् ओळ वाचून दाखवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की समोरच्यांना वाचता येतं आणि ते तुमच्याआधी वाचून मोकळे झालेले असतात.

हे सगळं आळसातून कमी आणि भीतीतून जास्त घडतं. ‘प्रॉब्लेम सांगू नका, सोल्यूशन घेऊन या’ हे वाक्य ज्या साहेबाच्या तोंडी सतत असतं, त्याच्या हाताखालचे लोक पुढच्या वेळी प्रॉब्लेम सतराव्या स्लाइडवर लपवतात. मऊ भाषेच्या स्लाइडा वरिष्ठांच्या कपाळावरच्या आठ्यांतून जन्मतात.

जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये ॲमेझॉनच्या वरिष्ठ बैठकांतून पॉवरपॉइंट बंद केलं. पुढे तिथे सहा पानांचं सलग टिपण आलं, बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी गप्प बसून वाचायचं. प्रत्येक कंपनीला हे झेपेल असं नाही, पण त्यामागचा विचार मला पूर्ण पटतो. ‘मागणीत घट’ असे दोन शब्द टाकून स्लाइडवर सुटता येतं. पूर्ण वाक्य लिहायला बसलं की कुणाची मागणी, कधीपासून आणि कशामुळे, ही उत्तरं द्यावीच लागतात. नसली तर ती नसल्याचं लिहिणाऱ्याला आधी कळतं.

सोमवारी तुमचं सादरीकरण असेल तर आज रात्री ती फाइल उघडा. सगळ्यात अडचणीची ओळ शोधा आणि तिला पहिल्या स्लाइडचा मथळा करा. आणि टेबलाच्या पलीकडे बसणारे साहेब तुम्हीच असाल, तर ती ओळ वाचणाऱ्याला मध्येच तोडू नका. त्याचं पूर्ण ऐकून घ्या.