नाव येणार आहे

धडधाकट घरात राहणाऱ्या काही माणसांना आपलं घर दिसतच नाही. त्यांना दिसतो बंद पडलेल्या गिरणीचा कोठा, मोडीत निघालेल्या एसटीचा सांगाडा, कोण्या ढिवराच्या अंगणात पालथा पडलेला डोंगा. "थोडं काम काढलं का झकास घर होते जी," असं ते म्हणतात, आणि हे 'थोडं' म्हणजे नेमकं किती, हे त्यांच्या बायकोशिवाय कोणालाच ठाऊक नसतं. आमच्या फुलचूरचे भाऊजी याच जमातीतले. ते मुळात कोणाचे भाऊजी हे आता शोधूनही सापडायचं नाही. साठीचे म्हातारे आणि सहावीतली पोरं, सारे त्यांना भाऊजीच म्हणतात.

फुलचूर म्हणजे गोंदियाला चिकटलेलं गाव. शहर कुठं संपलं आणि गाव कुठं लागलं हे नवख्याला कळत नाही. काल जिथं धानाची बांधी होती तिथं आज चुन्याच्या रेघा मारलेला ले-आऊट असतो. अशा गावात भाऊजींचं स्लॅबचं पक्कं घर आहे, गच्चीवर टाकी आहे, पुढं पेरूचं झाड आहे. सेवानिवृत्तीच्या पैशातून मुलीचं लग्न झालं आणि तरीही थोडे उरले. घात झाला तो या उरलेल्या पैशांनी.

भाऊजींच्या वरच्या खिशात पेन नसतो, मोजपट्टी असते. कुठंही गेले की आधी बोटाच्या पेराने टकटक करतात. लग्नाच्या मांडवात खांब वाजवून पाहतात, सांत्वनाला गेले तरी दाराची चौकट वाजवतात आणि हलक्या आवाजात सांगतात, "सागवान आहे. जपा." डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख कायम काळंनिळं, कारण लाकूड कुजलं का हे पाहायला ते त्यात खिळा ठोकून बघतात आणि प्रत्येक ठोका खिळ्यावरच बसतो असं नाही.

नावेच्या आधी डबा होता. जबलपूर-नैनपूर-बालाघाटची अडीच फुटी रुळांची छोटी लाईन 2015 साली मोठी करायला बंद झाली, तेव्हा या भागातल्या बहुतेकांना लहानपणचा प्रवास आठवला. भाऊजींना आठवली डब्याची रुंदी. "एक डबा घ्यायचा, खिडक्या तशाच ठेवायच्या, संडास तर आतच आहे." हे सारं ते स्टेशनातल्या चौकशीच्या खिडकीवर बोलले. मागच्या माणसाला फक्त गाडी किती उशिरा आहे एवढंच विचारायचं होतं.

मग केरळची सहल घडली. आलप्पुळाच्या पाण्यावर एक रात्र हाउसबोटीत काढली. बाकीच्यांनी माशाचं कालवण खाल्लं, सूर्यास्ताचे फोटो काढले. भाऊजी मात्र नावाड्याला घेऊन तळाशी उतरले आणि रात्री उशिरा वर आले ते वेगळेच होऊन. त्यांनी आणलेली माहिती मात्र पक्की होती, हे कबूल करायला हवं. त्या नावेला तिकडं केट्टुवळ्ळम म्हणतात. रानफणसाच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं एकमेकींना शिवायच्या, खिळा एकही नाही, वरून काजूच्या टरफलांचं काळं तेल चोपडायचं. मुळात या नावा माणसांसाठी नव्हत्याच, त्या तांदूळ वाहायच्या. एकेक नाव तीस टनांपर्यंत माल नेई. रस्ते आणि पूल झाले, ट्रक आले, नावा रिकाम्या झाल्या, आणि 1990 च्या दशकात कोणाला तरी त्यांच्यावर खोल्या बांधायची बुद्धी झाली.

"तांदळाची नाव!" भाऊजी फुलचूर नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर म्हणाले. "अन् गोंदिया कशाचं गाव आहे? सांगा."

यावर कोणी काय बोलणार? इथं राइस मिलच्या भोंग्यावर घड्याळं लावली जायची. टपरीवर क्षणभर सगळ्यांनाच वाटलं की नाव यायला उशीरच झालाय.

आणायची कशी हेही ठरलेलं होतं. दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर आणि पाऊणशे फुटी नाव. ट्रेलरवर चढवली तर पहिल्याच वळणावर अडायची. पण खिळेच नाहीत ना! गाठी सोडायच्या, फळ्यांवर खडूनं नंबर टाकायचे, ट्रकात भरायच्या आणि इथं आणून पुन्हा बांधायच्या. "मांडव नाही का सोडत आपण?" त्यांनी विचारलं. टपरीवाल्याला एवढंच विचारायचं होतं की गाठी बांधणारा कारागीरही नंबर टाकून आणणार का. पण भाऊजींच्या नावावर उधारी नसते, त्यामुळे तो गप्प बसला.

राहिलं पाणी. पांगोली उन्हाळ्यात कोरडी पडते, तेव्हा ती बाद. नवेगावबांधला पाणी भरपूर. पण तो परिसर 2013 पासून व्याघ्र प्रकल्पात आहे आणि वनखात्याला नावेत राहणारा मनुष्यप्राणी कोणत्या रकान्यात बसवावा हे सुचायचं नाही. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आहेत, पण तिथं मासेमारी संस्थेचा ठेका. शेवटी भाऊजींनी आपल्याच बांधीकडे पाहिलं. सरकारची 2016 ची 'मागेल त्याला शेततळे' योजना त्यांना तोंडपाठ. मोठ्यात मोठं तळं 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद, 3 मीटर खोल. तीस मीटर म्हणजे अठ्ठ्याण्णव फूट. नाव पंचाहत्तर फूट. "मावते!"

"पण फिरवाल कशी?" कोणीतरी विचारलं.

"तुम्ही तुमचं घर फिरवता काय जी?"

नेदरलँड्सला असलेल्या भाच्याला फोन गेला. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांवर अडीच हजारांच्या आसपास नावांत लोक संसार करतात, त्याने सांगितलं. पण मामा, तिथं नाव घेणं सोपं, नाव बांधायची परवानगीची जागा मिळणं कठीण; जुनी नाव विकत घेताना लोक खरे पैसे त्या जागेचे मोजतात. आधी नाव पाण्याबाहेर काढून तळ किती झिजला ते मोजून घ्यावं लागतं, तेव्हाच विमावाला उभं करतो. भाऊजींनी यातून आपल्या कामाचं तेवढं उचललं. "पाहा, तिथं जागा महाग. इथं जागा घरची, फक्त पाणी नाही."

सरकारी कचेरीतला प्रसंग मात्र मी स्वतः पाहिलाय. भाऊजींनी 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा छापून नेला होता, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करून. टेबलामागच्या बाबूने तो पालथा ठेवला आणि नमुना आठ पुढं ओढला.

"घराची चतुःसीमा सांगा."

"सध्या पूर्वेला रस्ता."

"सध्या म्हणजे?"

"वारा सुटला तर पूर्वेला शेत येईल."

बाबूने पेनचं टोपण लावलं. फार सज्जन माणूस, हसला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊजी, आधी नाव बांधून टाका. मग या." तो दोरीनं बांधायचं म्हणत होता की विटांनी, यावर भाऊजींनी घरी जाईपर्यंत विचार केला.

आणि वहिनी? वहिनींना या जमातीच्या बायकांचं सगळं ठाऊक आहे. त्या विरोध करत नाहीत. विरोध केला की माणूस हट्टाला पेटतो. त्या फक्त प्रश्न विचारतात आणि कामाला लागतात. तांदूळ निवडता निवडता त्यांनी विचारलं, "नावेतल्या संडासाचं पानी कुठं जाईल?"

भाऊजींची मोजपट्टी पहिल्यांदा सर्रकन आत गेली. केरळात त्यासाठी टाकी असते, तिचा गाळ उपसायला निराळी सोय असते, हे त्यांना ठाऊक होतं. पण फुलचूरच्या तळ्यात, ज्यात पाणी यायचं-जायचं एकाच पावसाच्या मर्जीनं, त्यात आपणच नाव टाकून आपणच तिच्यात राहणार... वाक्य पुरं झालं नाही. वहिनींनी सुपातले खडे बाजूला केले.

तरी तळं खणलं गेलं. जेसीबी आली, अर्धा फुलचूर पाहायला जमला. आषाढात तळं भरलं आणि वहिनींनी त्यात शिंगाड्याचे वेल लावले, रोहू-कटल्याचं बीज सोडलं. पुढच्या वर्षी शिंगाडे गोंदियाच्या बाजारात गेले. भाऊजींचा हिशोब वेगळा; ते याला 'तळ्याचा अंतरिम उपयोग' म्हणतात. त्यांनी जुन्या वाड्यातल्या सागवानी दारांचा एक धक्का बांधलाय, चांगला भक्कम, कडीकोयंड्यासकट. पाहुणा आला की त्याला तिथं उभं करतात, आधी एक फळी टकटक वाजवून दाखवतात आणि मग तळ्याच्या पश्चिमेकडच्या बांधाकडे बोट करतात.

"तिकडून आत घ्यायची. म्हणून ती बाजू मोकळी ठेवायला सांगितली होती मी."

त्या बाजूला पपईची ओळ लागलीय. फळं धरलीत.

"नाव दिसली का तोडून टाकू जी," वहिनी म्हणतात, आणि पाहुण्याच्या पिशवीत दोन पपया घालतात.