शोधपत्रकारिता पुरस्कारासाठी प्रवेशिका, तीन प्रतींत

प्रति,
माननीय निमंत्रक,
निर्भीड पत्रकारिता पुरस्कार व स्मृतिव्याख्यान (यंदाचे कोणतेही),
छत्रपती संभाजीनगर.



दर्पण दिनाच्या सोहळ्याची पत्रिका मिळाली. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, म्हणून दरवर्षी या तारखेला आमची आठवण होते. पत्रिकेत उद्घाटक आहेत, अध्यक्ष आहेत, प्रमुख उपस्थिती आहे, विशेष उपस्थिती आहे. पुरस्कार ज्याला द्यायचा त्याचे नाव मात्र खाली बारीक टायपात, स्नेहभोजनाच्या ओळीच्या जरा वर सापडले. शोधून काढावे लागले. शोधपत्रकारितेचा सोहळा याहून चांगला सुरू होऊ शकत नाही.

मी तालुक्याचा वार्ताहर. आपल्या नियमाप्रमाणे ‘मीच कसा निर्भीड आहे’ हे स्वतःच लिहून, कात्रणांच्या तीन प्रतींसह पाठवत आहे.

पहिले कात्रण आमचे पुढारी भाऊ यांच्या वाढदिवसाच्या पुरवणीचे. आठ पाने, सगळी रंगीत. यात शोध कुठला, असे परीक्षक विचारतील. साहेब, जाहिरातींचे टार्गेट घेऊन एकदा तालुक्यात फिरून पाहा. पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, मंगल कार्यालय, शेवटी गुत्तेदार. ज्या गुत्तेदाराच्या रस्त्याची खडी पहिल्या पावसात वर आली, त्याच्याच ओसरीवर बसून ‘विकासाचा महामेरू’ या मजकुराखाली त्याचा फोटो कुठे टाकायचा, हे ठरवावे लागते. फोटो पाठवणारा तोच, मजकूर सांगणारा तोच, प्रूफ तपासणाराही तोच. माझे काम फक्त जाहिरातीचा चेक वटेपर्यंत रस्त्याकडे न पाहण्याचे. मानधनात गाडीचे पेट्रोल निघत नाही. कमिशनमध्ये निघते.

हा प्रकार मी शोधला, असा माझा दावा नाही. आपल्याच मराठवाड्यात, भोकरला, २००९ च्या विधानसभा निवडणुकीत याहून मोठा पराक्रम घडला. अशोक चव्हाणांची स्तुती वेगवेगळ्या वृत्तपत्रांत अक्षरशः त्याच शब्दांत छापून आली. तीन स्पर्धक दैनिकांना एकच स्वप्न पडावे तसे! वृत्तपत्रांतील जाहिरातींवर उमेदवाराने दाखवलेला खर्च होता ५३७९ रुपये. हे सगळे पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त मांडले. पुढे निवडणूक आयोगाने चव्हाणांविरुद्ध आदेश काढून नोटीस दिली आणि २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनेही २०१० मध्ये पेड न्यूजवर नावानिशी अहवाल लिहिला. कौन्सिलने तो सुरुवातीला दाबूनच ठेवला. चव्हाणांच्या त्या स्तुतीच्या मूळ लेखकाला मात्र कुणी पुरस्कार दिला नाही, हा अन्याय आपण दूर करावा.

मंचावर अनंत भालेरावांच्या प्रतिमेला हार घालाल. घालाच. निजामाविरुद्ध लढलेला, ‘मराठवाडा’ वृत्तपत्र चालवलेला, आणीबाणीत तुरुंगात गेलेला संपादक. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादातली त्यांची भूमिका अनेकांना पटली नाही, मलाही पटत नाही. पण जे वाटले ते त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिले, कुणाच्या प्रेसनोटमागे दडून नाही. शेजारी शोएबुल्ला खानांची तसबीर मिळाली तर तीही ठेवा. ‘इमरोज’चा हा संपादक रझाकारांविरुद्ध लिहीत होता, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याला ठार केले. आपले शहरही तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होते.

इतके जुने नको असेल तर राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे आहेत. रिफायनरीच्या विषयावर लिहिणारे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, म्हणजे दर्पण दिनानंतर बरोबर महिन्याने, त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर जीप घातली गेली. दुसऱ्या दिवशी ते गेले. पत्रकार संरक्षणाचे विधेयक राज्याच्या विधिमंडळाने २०१७ मध्येच मंजूर केले होते. त्याचाही उल्लेख सूत्रसंचालकाने करावा, टाळ्या मिळतील.

पुरस्कार कोणाच्या हातून घ्यायचा, हा प्रश्न काही लोकांना पडतो. पत्रकार अक्षय मुकुल यांना २०१६ मध्ये त्यांच्या पुस्तकासाठी रामनाथ गोएंका पुरस्कार मिळाला. तो पंतप्रधानांच्या हस्ते होता, म्हणून ते गेलेच नाहीत. प्रकाशकाने जाऊन घेतला. आमच्याकडे अशी अडचण येत नाही. आमदारांच्या हस्ते असेल तर आम्ही अर्धा तास आधी येतो.

व्याख्यानाचा विषय ‘शोधपत्रकारितेपुढील आव्हाने’ असा आहे. पुण्याहून वक्ते येणार. त्यांना एक आव्हान आयतेच सुचवतो. शहराच्या नव्या पाणीयोजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले तेव्हा आकडा १६८० कोटींचा होता, पुढे तो २७४० कोटींवर गेला. पाणी जिथून आणायचे ते जायकवाडी धरण मात्र तेवढ्याच अंतरावर आहे. हा हिशेब लावायचा तर सुधारित अंदाजपत्रक हवे, कामाची मोजमाप पुस्तिका (एमबी) हवी, बिले हवीत. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते. मग ३० दिवस, मग पहिले अपील, मग माहिती आयोग. तेवढ्या काळात संपादक तीन वेळा विचारतो, दिवाळी अंकाच्या जाहिरातींचे काय झाले?

शाल-श्रीफळाबद्दल तक्रार नाही. शाली पुष्कळ जमल्या आहेत; अब्रुनुकसानीची नोटीस आल्यावर त्या वकिलाला फीपोटी चालत नाहीत. तेव्हा माझा अर्ज नामंजूर करा, पण दोन गोष्टी कराच. पुरस्काराची रक्कम नोटीस आलेल्या कुणा तालुका वार्ताहराच्या वकिलाकडे परस्पर भरा. आणि पुढच्या पत्रिकेवर प्रायोजकाच्या नावापुढे त्याच्याकडे या जिल्ह्यातली कोणती सरकारी कामे चालू आहेत, ती रकमेसह छापा. जागा कमी पडली तर ‘विशेष उपस्थिती’ची यादी काढून टाका.

आपला नम्र,
एक तालुका वार्ताहर
(मानधन थकीत)