समुद्राच्या घरी, अवेळी

रायपूर ही समुद्र नसलेल्या राज्याची राजधानी असली, तरी समुद्राच्या नावांची तेथे टंचाई नाही. तेलीबांधा तलावाच्या काठाला शहरात सर्रास ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात, आणि धमतरीजवळ महानदी अडवून केलेल्या गंगरेल जलाशयाला ‘मिनी गोवा’ हा किताब लोकांनी परस्पर बहाल केलेला आहे. भूगर्भशास्त्र याहून पुढे जाते. बलौदाबाजारच्या बाजूचे सिमेंट कारखाने ज्या चुनखडकावर चालतात, तो सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ होय. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर मार्सेय आणि कासी यांच्या दरम्यान ज्या ‘कालांक’ आहेत, म्हणजे उभ्या कड्यांत शिरलेल्या अरुंद, आडबाजूच्या खाड्या, त्यांचाही दगड याच जातीचा, फक्त वयाने पुष्कळ धाकटा. कालांकेला लागणारा दगड रायपूरकडे अशा रीतीने पूर्वापार आहे. समुद्र तेवढा उठून गेला, आणि जाताना परत कधी येणार हे सांगून गेला नाही.

रायपूरचा मराठी माणूस त्याच्या शोधात निघतो तो उलट दिशेने. शहराजवळून वाहणारी खारून नदी शिवनाथला, शिवनाथ महानदीला आणि महानदी बंगालच्या उपसागराला मिळते. पाणी पूर्वेला जाते आणि रायपूरच्या तात्यापारा या मराठी वस्तीतले कुटुंब मुंबई मेल धरून पश्चिमेला. पुरीचा समुद्र जवळ आहे हे त्याला ठाऊक असते, परंतु तो जगन्नाथाचा. आपला समुद्र म्हणजे कोकणातला, अशी पक्की वाटणी बिंबाजी भोसल्यांच्या कारकिर्दीपासून (१७५८ ते १७८७) छत्तीसगडात नांदत आलेल्या समाजाच्या मनात झालेली असते, मग कुटुंबातल्या कोणाचाही कोकणाशी संबंध गणपतीतल्या उकडीच्या मोदकापलीकडे गेलेला नसला तरी चालते.

या यात्रेतील एक मानाचे ठिकाण म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील हेदवी. तेथे दशभुज गणेशाचे दर्शन घ्यायचे आणि समुद्रकाठच्या उमामहेश्वराच्या देवळामागे जाऊन बामणघळ पाहायची, असा रिवाज आहे. घळ म्हणजे खडकातली अरुंद, खोल भेग. येथला खडक काळा बेसाल्ट असून त्यातल्या फटीवर लाटांनी युगानुयुगे घाव घालून ही घळ कोरली आहे. भरतीची लाट तिच्या रुंद तोंडातून आत शिरते, पुढे जागा आवळत जाते, मागून रेटा चालूच असतो, आणि कोंडलेले पाणी वर जाण्यावाचून इलाज नसल्याने सुमारे वीस फूट उसळते. फार पूर्वी एक ब्राह्मण या फटीत पडला म्हणून हे नाव पडले, अशी दंतकथा आहे. तो तेथे काय पाहायला वाकला होता, याविषयी दंतकथा मौन पाळते.

मुंबईपर्यंतचे सुमारे अकराशे किलोमीटर, पुढे कोकण रेल्वेने चिपळूण आणि तेथून एसटी, एवढ्या प्रवासात ठेठरी (बेसनाची खारी वळी) आणि खुरमी (गूळ-कणकेची गोड वडी) यांचे डबे रिकामे होतात. हेदवीला जेवणात उकड्या तांदळाचा भात येतो. धानाच्या कोठारातून आलेल्या प्रवाशाला तांदळाविषयी मत देण्याचा जन्मसिद्ध हक्क असल्याने शीत बोटांनी दाबून पाहिले जाते, आणि ‘हा तर आपला उसनाच’ असा निकाल लागतो. तो बरोबरही असतो, कारण तुसासकट उकडून वाळवलेल्या तांदळाला छत्तीसगडात उसना म्हणतात. या चर्चेत दुपारचे अडीच वाजतात.

घळीपाशी पोहोचल्यावर दिसते ती ओली, काळी, शेवाळलेली भेग. तळाशी गुडघाभर पाणी असते, त्यात एक खेकडा तिरका चालत असतो, आणि खडकाला चिकटलेल्या कालवांचे काठ चपलेला कापतात. कुटुंबप्रमुख डोकावून म्हणतात, “हे तर सुकंच पडलं आहे! फालतूच आलो.” देवळाच्या पायरीवर बसलेला गावकरी शांतपणे सांगतो, “आता सुकती. समुद्र सकाळी होता.” सुकती म्हणजे ओहोटी. शंभर कोटी वर्षांपूर्वी रायपुरातून उठून गेलेला समुद्र अकराशेहून अधिक किलोमीटर पाठलाग केल्यावर पुन्हा घरी नाही, ही बातमी पचायला जड जाते.

भूमध्य समुद्राला ही खोड नाही. तेथली भरती-ओहोटी बहुतेक ठिकाणी वीतभराची, त्यामुळे कालांकेला जाणाऱ्याने घड्याळ न पाहिले तरी चालते. तेथे अडचण माणसांचीच, म्हणून स्युजितों या कालांकेत २०२२ पासून उन्हाळ्यात दिवसाला ४०० जणांनाच आगाऊ नोंदणी करून सोडतात. कोकणात पाणी दोन-तीन मीटर चढते-उतरते, म्हणून नोंदणी चंद्राकडे करावी लागते. त्यासाठीचा हिशेब किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे अडीचला खेकडाच भेटणार.

गंमत अशी की तिथी दाखवणारे कॅलेंडर तात्यापाऱ्यातल्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलेच असते; त्यावर एकादशी पाहून साबुदाणा भिजत घातला जातो, परंतु त्याच चौकोनात समुद्राची भेटीची वेळही छापलेली आहे, हे कोणी मनावर घेत नाही. अष्टमीच्या आसपास ‘भांग’, म्हणजे मंद भरती असते. उसळी पाहायची तर पौर्णिमा किंवा अमावास्येचे उधाण गाठावे. पावसाळ्यात पाणी सर्वांत उंच जाते आणि खडक सर्वांत निसरडा होतो, तेव्हा घळीच्या काठाशी जाऊ नये, लांबूनच पाहावे. दोन्ही पक्षांची पंधरावी तिथी धरली, तर पाऊणपट सव्वाअकरा येते. हेदवीला जेवण बारानंतर सांगावे.