तीन पाळ्या, चार गडी

पुणे–नगर महामार्गावरील सुपा हे पारनेर तालुक्यातील गाव इतिहासप्रेमींना हमखास चकवते, कारण शहाजीराजांच्या जहागिरीच्या संदर्भात ज्या ‘पुणे–सुपे’ परगण्यांचा उल्लेख येतो त्यातले सुपे बारामती तालुक्यातले असून या सुप्याशी त्याचा संबंध नाही. अर्थात मोबाइलवर गढ्या बांधून रोज रात्री दोन-तीन साम्राज्ये धुळीला मिळवणाऱ्या इथल्या तरुण सेनापतींना ही दुरुस्ती सांगण्याच्या भानगडीत शहाण्याने पडू नये. आजच्या सुप्याची ओळख एमआयडीसीची आहे. दुष्काळी म्हणून ज्याला मुली द्यायला लोक कां-कू करीत अशा माळरानावर कारखाने उभे राहिले, कारखान्यांबरोबर तीन पाळ्या आल्या, पाळ्यांबरोबर बाहेरगावची पोरे आणि त्यांना भाड्याने द्यायच्या खोल्या आल्या, आणि खोल्यांबरोबर, कोणत्याही औद्योगिक धोरणात ज्याची नोंद सापडणार नाही असा, खेळवेडा आला.

खेळवेडा म्हणजे ज्याच्या संग्रही त्याला मिळणाऱ्या वेळेपेक्षा अधिक खेळ आहेत असा प्रौढ, कमावता आणि बहुधा अविवाहित इसम. जुगाऱ्याशी त्याची गल्लत करू नये: जुगाऱ्याला पैसे लावण्याची खाज असते, खेळवेड्याला नियम समजावून सांगण्याची, आणि या दोघांपैकी शेजाऱ्यांनी कोणाला अधिक टाळावे याविषयी मतभेद आहेत. त्याच्या कॉटखाली तांदळाच्या डब्याशेजारी पटखेळांची खोकी रचलेली असतात. पटखेळ म्हणजे टेबलावर किंवा चटईवर पट मांडून, फासे, सोंगट्या वा पत्ते यांच्या साहाय्याने समोरासमोर बसून खेळावयाचा खेळ. आणि या व्याख्येतील ‘समोरासमोर बसून’ हे दोन शब्दच सुप्यात आडवे येतात. चांगल्या पटखेळाला साधारण चार गडी लागतात. खोलीत कागदोपत्री चौघे राहतात खरे, परंतु पहिला सात ते तीनच्या पाळीला गेलेला असतो, दुसरा रात्रपाळी करून डोक्यावर चादर घेऊन झोपलेला असतो, तिसरा साप्ताहिक सुटीला गावाकडे कांदा काढायला गेलेला असतो, आणि चौथा, म्हणजे स्वतः खेळवेडा, नियमांची पुस्तिका तिसऱ्यांदा वाचत बसलेला असतो.

तरीही पाळीबदलाच्या दिवशी क्वचित योग जुळून येतो आणि ‘कटान’ उघडला जातो. क्लाउस टॉयबर या दंततंत्रज्ञाने रचलेला आणि 1995 साली जर्मनीत प्रसिद्ध झालेला हा खेळ षट्कोनी तुकड्या जुळवून केलेल्या एका बेटावर चालतो. एकोणीस तुकड्यांपैकी अठरांतून लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज मिळते, एक तुकडा मात्र वाळवंट असतो आणि त्यातून काहीच मिळत नाही. इतरत्र या वाळवंटाकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पारनेर तालुक्यातील खेळाडू मात्र त्याच्यापाशी थबकतो, इथे एखादा पाझर तलाव बांधता येतो का असे विचारतो, आणि नियमात तशी तरतूद नाही हे कळल्यावर जर्मन नियोजनाविषयीचा त्याचा आदर कायमचा कमी होतो. पाणी अडवण्यासाठी गाजलेले राळेगणसिद्धी जवळच असल्याचा हा परिणाम असावा.

या खेळात मालाची अदलाबदल तोंडी सौद्याने करता येते, आणि तिथे इथल्या माणसाला काहीही शिकवावे लागत नाही. बाजार समितीत कांद्याचा लिलाव लहानपणापासून पाहिलेला गडी एका विटेसाठी दोन मेंढ्या, म्हणजे लोकरीचे दोन पत्ते, मागतो, नाही म्हटल्यावर उठून चालू लागल्याचे नाटक करतो, दारापर्यंत जाऊन परत येतो आणि शेवटी दीड मेंढीवर तोडपाणी सुचवतो. मेंढीचे पत्ते अर्धे करता येत नाहीत हे खेळवेडा पुस्तिकेचे पान उघडून दाखवू लागतो तोवर उरलेल्या दोघांनी आपापसात सौदा उरकलेला असतो. फाशांच्या बाबतीत तर शास्त्र आणि श्रद्धा एकाच चटईवर मांडी घालून बसतात. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी सहांत बेरीज सात येते, म्हणून सातचे दान सर्वांत अधिक वेळा पडते आणि ते पडले की चोर ही सोंगटी हलून ज्याच्या हाती सातांहून अधिक पत्ते असतील त्याला निम्मे टाकावे लागतात, हे गणित गुणवत्ता विभागात काम करणारा खेळाडू तोंडपाठ सांगतो. मग फासे मुठीत धरतो, त्यांवर फुंकर मारतो, खंडोबाचे नाव घेतो आणि सातच पडल्यावर फासा खोटा असल्याचे जाहीर करतो. रडीचा डाव हा मराठी मुलुखाचा खरा राष्ट्रीय खेळ असून बाकीचे सारे खेळ हे त्याचे केवळ निमित्त होत, असे म्हणण्यास येथे पुरेसा आधार मिळतो.

चार गडी एका जागी जमत नसतील तर ते चार जागी बसून जमावेत, ही सोय मोबाइलने केली. पबजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळात शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, सापडेल ते शस्त्र उचलतात आणि आवळत जाणाऱ्या वर्तुळात एकमेकांना संपवत शेवटपर्यंत टिकू पाहतात. चौघांच्या टोळीला यात ‘स्क्वाड’ म्हणतात. भारत सरकारने 2 सप्टेंबर 2020 रोजी त्यावर बंदी घातली, जुलै 2021 मध्ये तो ‘बीजीएमआय’ हे नवे नाव आणि हिरवे रक्त घेऊन परतला, जुलै 2022 मध्ये पुन्हा दिसेनासा झाला आणि मे 2023 मध्ये पुन्हा उगवला. या अखेरच्या पुनर्जन्मी प्रौढांना दिवसाला सहा तासांची मर्यादा घालण्यात आली. ही मर्यादा ठरवणाऱ्यांना औद्योगिक जीवनाची कल्पना नसावी, कारण आठ तासांची पाळी भरण्याची सवय असलेल्या माणसाला सहा तासांनी उठवणे म्हणजे त्याचा अर्धा खाडा मांडण्यासारखेच आहे. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, कारखान्यात ओव्हरटाइमचे नाव काढले की ज्याची कंबर धरते, तोच गडी खेळात रोजची हजेरी चुकवत नाही, दिलेली उद्दिष्टे मुदतीत पुरी करतो, माल मोजून पिशवीत भरतो आणि या साऱ्याचा मोबदला म्हणून मिळालेली, प्रत्यक्षात कुठेही घालता न येणारी, टोपी चारचौघांत अभिमानाने दाखवतो. व्यवस्थापनशास्त्राने याचा अभ्यास करावा. फक्त तो कामगारांच्या कानावर जाऊ देऊ नये.

या खेळाला आवाजाचे अंग आहे. रात्री दीडच्या सुमारास भिंतीपलीकडून “मेलो, मेलो, उचल मला!” अशी आर्त हाक ऐकू आली म्हणजे नवख्या घरमालकीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत येतात, मुरलेल्या मालकीणबाई कूस बदलतात आणि पुढच्या महिन्यापासून वीजबिल वेगळे आकारण्याचा निश्चय करतात.

आधीच्या पिढीचे दुःख निराळे होते. 1985 सालचा ‘मारिओ’ भारतात बहुतांशी नकली यंत्रांवर खेळला गेला. कॅसेटवर लाखो खेळ असल्याचे छापलेले असे, आत तेच दहा-वीस खेळ नावे बदलून भेटत, कॅसेट चालेना की तिच्या पोटात फुंकर मारण्याचा एकमेव उपचार होता, आणि कुठवर पोहोचलो हे जपून ठेवण्याची सोय नसल्यामुळे आठव्या जगाच्या उंबरठ्यावर भारनियमन झाले तर पहिल्या जगापासून पुन्हा प्रारंभ करावा लागे. समोरच्या डोंगरावर पवनचक्क्या गरगर फिरत आहेत आणि घरात अंधार आहे, हे कोडे सुप्याच्या मुलांना ‘मारिओ’ने घातले.

पाळ्यांच्या गावाला साजेसा खेळ मात्र यांपैकी एकही नसून तो सावंतवाडीच्या गंजिफाचा आहे, हा शोध अलीकडच्या खेळवेड्याने लावला. गंजिफा म्हणजे लाखकाम केलेले, हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफात प्रत्येक अवताराचे बारा याप्रमाणे एकशे वीस पत्ते असतात, आणि खेळायला लागतात फक्त तिघे, म्हणजे प्रत्येकी चाळीस. तिघे! चौथ्याला गावाकडे खुशाल कांदा काढू द्यावा. त्यातही दिवसा डाव असेल तर ज्याच्या हाती रामाचा राजा तो पहिली उतारी करतो आणि रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो, अशी परंपरा असल्यामुळे दिवसपाळी आणि रात्रपाळी यांची स्वतंत्र दखल घेणारा हा बहुधा जगातला एकमेव पत्त्यांचा खेळ ठरतो. अस्सल संच खिशाला परवडत नाही, म्हणून खेळवेड्याने लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर चुन्याच्या डबीचे झाकण ठेवून एकशे वीस वर्तुळे आखली, खोलीतल्या एकमेव कात्रीने ती कापली आणि मत्स्य व कूर्म यांतला फरक कळावा म्हणून कासवाला चार पाय जादा ठळक काढले.

अडचण उभी राहिली ती सात ते तीनच्या पाळीची, कारण तिची सुटी उन्हात सुरू होऊन अंधारात संपते. साडेपाचला वाटलेला डाव रामाचा की कृष्णाचा, याविषयी खेळवेड्याचे म्हणणे असे की पत्ते वाटताना जो सूर्य असेल तो डाव संपेपर्यंत ग्राह्य धरावा. दुसऱ्याचे म्हणणे असे की थंडीत सूर्य सहाच्या आत मावळतो, तेव्हा मध्येच हक्क बदलून कृष्णवाल्याला पाळीभत्ता म्हणून एक हात जादा द्यावा. आणि तिसरा, ज्याच्या हाती दोन्ही राजे आलेले होते, त्याने हा वाद मिटेपर्यंत आपण झोपणार असल्याचे कळवले आहे.