पिवळं ग्रीटिंग, लाल केक

आमच्या भागात साठी ओलांडलेल्या कुणाचंही आधार कार्ड उलटून पाहा, जन्मतारीख बहुधा 1 जूनच निघेल. मराठवाड्यातल्या समस्त आयांनी मिळून एकच मुहूर्त साधला होता असं नव्हे. शाळा जूनमध्ये भरायची, पोराचं वय पुरेसं दिसायला हवं, बापाला तारीख ठाऊक नसायची आणि गुरुजींना मागे लागलेली रांग दिसत असायची. त्यांनी 1 जून लिहिलं की सगळ्यांचीच सुटका. पुढे हे 1 जूनवाले सरकारी नोकरीला लागले आणि नियमाप्रमाणे सगळेच्या सगळे 31 मेला निवृत्त झाले. त्या दिवशी हारवाल्याकडे झेंडूचं फूल मागून बघा, मिळणार नाही.

आमच्या आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, वाढदिवसही अर्थातच 1 जून. त्यांचं स्वतःचं म्हणणं वेगळं आहे. रझाकाराच्या धामधुमीत त्या आईच्या पोटात होत्या आणि जन्मल्या त्या ज्वारीच्या सुगीत. हैदराबाद संस्थान मोकळं झालं 17 सप्टेंबर 1948ला, म्हणजे हिशोब 1949च्या जानेवारी-फेब्रुवारीवर येतो. पण सुगीला केक कापायचा तर कोणत्या दिवशी, ह्यावर एकमत होत नाही. शिवाय 1 जूनला पोरांना सुट्टी असते. त्यामुळे घरात आधार कार्डच ग्राह्य धरलेलं आहे.

ह्या खेपेला 1 जून रविवारी आला आणि पोरांनी कार्यक्रम जाहीर केला: आजीला हातानं केलेलं ग्रीटिंग, हातानं केलेला केक आणि औंढा नागनाथची सहल. ‘हातानं’ हे कुणाच्या हातानं, ते जाहीर झालं नाही. मोठ्या जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. आमच्या घरात ठराव असाच मंजूर होतो.

ग्रीटिंगपासून सुरुवात झाली. एके काळी डिसेंबर लागला की आमच्या हिंगोलीत जवाहर रोडवर दुकानांपुढे दोरीला ग्रीटिंगं टांगलेली असायची. गुलाब, सूर्यास्त, पाळण्यातलं गोरं बाळ. आता मोबाईलवर येतात ती फुकट असतात आणि दिसतातही तशीच. घरी करायचं म्हटलं तर जाड कागद हवा, आणि आमच्या घरातला जाड कागद म्हणजे लग्नपत्रिका. लग्नसराईत त्यांचा ढीग पडतो. वर गणपती असल्यामुळे त्या फेकवत नाहीत, नि कपाटात मावत नाहीत. धाकटीनं गणपती बाजूला कापून देवघरात ठेवला आणि उरलेल्या कोऱ्या बाजूवर आजीचं चित्र काढायला घेतलं. त्यामुळे आमच्याकडे कोणतंही ग्रीटिंग उलटं केलं की मागे कुणाचं तरी लग्न असतं. आजीच्या ग्रीटिंगवर पुढे फुगे आणि मागे ‘भोजन : दुपारी 12 ते आपल्या आगमनापर्यंत’.

थोरला मात्र सातवीत गेलेला, म्हणजे शास्त्रज्ञ. त्यानं आधीच्या एनसीईआरटीच्या सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला प्रयोग शोधून काढला. आम्ल, अल्कली आणि क्षार हा धडा. कागदाला हळदीचा लेप द्यायचा, वाळवायचा आणि साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून त्यावर चित्र काढायचं. हळद अल्कलीनं लाल होते, त्यामुळे पिवळ्यावर लाल फूल उमटतं. असं कार्ड करून आईला वाढदिवसाला द्या, असंही त्यात सुचवलेलं आहे. दिल्लीत बसून पुस्तक लिहिणाऱ्यांना हिंगोलीची सोय कशी कळली, कोण जाणे! हळद सोडून दुसरा कोणताही रंग सुचवला असता तर दुकानात जावं लागलं असतं. आमच्याकडे हळद मागायची नसते, झटकायची असते.

ह्यांची मोंढ्यात अडत आहे. आमच्या बाजार समितीच्या हळदीच्या आवाराला संत नामदेवांचं नाव आहे आणि हंगामात गाड्यांची रांग बाहेर रस्त्यापर्यंत येते. हराशीत फिरताना मूठ-मूठ नमुना हातात घेऊन बघायचा, कांडी मोडायची, गोल गड्ड्याचा गट्टू दाबायचा. संध्याकाळी हे घरी येतात तेव्हा सदऱ्याचे खिसे, मोजे, घड्याळाचा पट्टा, सगळं हळद लागल्यासारखं दिसतं. नवऱ्या मुलाला आयुष्यात एकदाच लागते. आमच्याकडे मार्च ते जून रोज. 2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ह्यांनी पेढे वाटले. त्या पेढ्यांनाही हळदीचा वास होता.

तर लेप झाला, कागद वाळला, साबणानं ‘आजी’ लिहिलं आणि अक्षरं खरोखरच लालभडक उमटली. थोरल्यानं घरभर आरडाओरडा केला. आत्याबाईंनी चष्मा पुसून कार्ड बघितलं.

“मुका मार लागल्यावर हळद-चुन्याचा लेप लावते तुला, तवा काय हिरवा होतो का रे? लालच होतो की. आन् कुंकू कशाचं करायचे पहिले? हळदीचंच. टाकणखार नि लिंबू घालून. येवढ्यासाठी पुस्तक लागतं व्हय?”

शास्त्रज्ञ गप्प झाला. मग त्यानं बाणेदारपणे अमेरिकेचं नाव काढलं. 1995 साली तिथं हळदीनं जखम भरून काढण्याचं पेटंट दिलं गेलं होतं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या सीएसआयआरनं त्याविरुद्ध लढून 1997मध्ये ते रद्द करवलं, हे त्याला शाळेत शिकवलंय. “तिकडं पुरावे म्हणून जुने ग्रंथ दाखवावे लागले, आजी.” आत्याबाई म्हणाल्या, “मग मला न्यायचं होतं.” ह्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मला तर वाटतं, खटला दोन वर्षं लवकर संपला असता.

कार्ड खिडकीत उभं केलं. दुसऱ्या दिवशीच्या उन्हानं त्याचा पिवळा रंग फिका पडला, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. हळदीचे डाग पडलेला सदरा दोरीवर उन्हात टाकायचा, हे ह्या घरातल्या बायकांना ठाऊक आहे, शास्त्रज्ञांना नाही.

केकाची हकिगत जास्त गंभीर आहे. पुण्याच्या नणंदबाईंनी फोनवरून कृती सांगितली आणि ‘एकदम सोपं आहे वहिनी’ असंही सांगितलं. सोप्या पदार्थाची कृती सांगणारा माणूस नेहमी दोनशे-अडीचशे मैल लांब असतो. कुकरची शिट्टी काढायची, रबर काढायचं, तळाला मीठ पसरायचं, वर वाटी, वाटीवर डबा. मैदा, पिठीसाखर, दूध, तूप, दही आणि खायचा सोडा. अंडं नाही, कारण आत्याबाईंना चालत नाही. अंड्यावाचून गोड करायची कल्पना आपलीच आहे असं आपण समजतो. पण 1837 साली इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टनं अंड्याशिवाय होणारी कस्टर्ड पावडर काढली ती त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून. त्या माउलीचे आमच्या घरावर मोठे उपकार आहेत. नेमकी तीच पावडर त्या दिवशी संपलेली होती आणि केक पिवळा दिसायला हवा होता.

आता पुढचं सांगते ते नीट ऐका. दही होतं, पण ते दुसऱ्या दिवशीच्या धपाट्यांसाठी राखून ठेवलेलं. मोठ्या जाऊबाईंनी त्याला हात लावू दिला नाही. आणि पिवळेपणासाठी थोरल्यानं, कुणाला न विचारता, चमचाभर हळद टाकली. सोडा होताच. दह्याचा आंबटपणा असता तर हळद पिवळी राहिली असती, तो नव्हता. झाकण उघडलं तेव्हा डब्यात विटकरी रंगाचं काहीतरी बसलेलं होतं. म्हणजे जो प्रयोग सकाळी कागदावर साधला, तोच संध्याकाळी केकात बिनचूक साधला. थोरला आनंदानं म्हणाला, “अल्कली!” धाकटी रडायला लागली.

हे मोंढ्यातून आले. त्यांनी केकाचा तुकडा उचलला, बोटांत दाबला, मोडला, नाकाशी नेला आणि सवयीनं म्हणाले, “ओल हाये. अजून दोन उन्हं लागतील.”

आत्याबाई उठल्या. दुपारच्या उरलेल्या पोळ्या कुस्करल्या, त्यात गूळ चिरून घातला, तुपाची धार सोडली, वेलची ठेचली आणि मूठ वळून लाडू पुढे केले. लागलेला वेळ म्हणाल तर धाकटीचं रडं थांबायच्या आत. गोडाच्या बाबतीत आमचं गाव तसं मागं नाही. इथला चिंतामणी गणपती मोदकाचा गणपती म्हणून ओळखला जातो. अनंत चतुर्दशीला लोक लांबलांबून येऊन रांगेत उभे राहतात, नवसाचा एक मोदक घरी नेतात आणि नवस फळला की 1001 मोदक वाहतात. केक फुगावा म्हणून थोरला नवस बोलणार होता, पण 1001 हा आकडा ऐकल्यावर जाऊबाईंनी त्याचं तोंड दाबलं. मोदक कुणाच्या हातचे होणार होते, ते त्यांना कळत होतं.

केक वाया गेला नाही. अंधारात कापला. दिवे घालवून मेणबत्ती लावायची पद्धत कुणी शोधली असेल, त्यानंही केकात हळदच घातलेली असणार.

सहल दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघणार होती, ऊन चढायच्या आत. नऊच्या सुमारास आम्ही डबे भरत होतो. कुठं जायचं हे ठरलेलं असूनही त्यावर पुन्हा चर्चा झाली, कारण चर्चेशिवाय सहल अंगी लागत नाही. आत्याबाईंना नर्सीला जायचं होतं. नामदेवांचं गाव, कयाधूचा काठ. ह्यांना सिद्धेश्वर धरण, कारण तिथं सावलीत झोपता येतं. पोरांना कुठंही, पण गाडीत खिडकीजवळ. शेवटी औंढाच. धपाटे, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा आणि कैरीचं पन्हं एवढं गाडीत बसल्यावर उरलेल्या जागेत माणसं बसली. दह्याचा डबा माझ्या मांडीवर. ज्या दह्यासाठी केकाचा बळी दिला, ते पहिल्याच गतिरोधकावर माझ्या साडीवर आलं.

गाव सुटलं आणि जाऊबाईंना आठवलं: “गॅस बंद केलाय ना?” आता औंढ्याची कथा सगळ्यांना माहीत आहे. नामदेवांना देवळापुढं कीर्तन करू दिलं नाही, ते मागं जाऊन बसले, तर सगळं देऊळच त्यांच्याकडे फिरलं; म्हणून तिथला नंदी आजही देवळाच्या मागल्या बाजूला आहे. भक्तासाठी एवढं दगडी देऊळ फिरलं, पण गॅस बघायला ह्यांनी गाडी काही फिरवली नाही. शेजारणीला फोन लावला. गॅस बंद होता. पंखा चालू होता, पण ते परत येईपर्यंत कुणी सांगितलं नाही.

औंढा नागनाथ हे आमच्या श्रद्धेचं आठवं ज्योतिर्लिंग. बाहेरून कोरीव काम बघत मान दुखते आणि आत अंग मोडून खाली उतरावं लागतं, कारण पिंड तळघरासारख्या ठेंगण्या गाभाऱ्यात आहे. अरुंद पायऱ्या, वाकून उतरायचं, वाकूनच चढायचं. देवापुढं माणसानं वाकावं ह्याची बांधणाऱ्यांनी पक्की व्यवस्था केलेली आहे. ह्यांची अंगकाठी अडतीच्या पेढीवर बसून झालेली. ते उतरले तेव्हा मागची रांग थांबली, चढले तेव्हा पुढची. आत्याबाई मात्र टुणकन उतरून, फूल वाहून, वरही आल्या.

“पंचाहत्तरी झाली ना वो तुमची?” रांगेतल्या एका बाईनं विचारलं.

“आधारवर,” आत्याबाई म्हणाल्या.

झाडाखाली धपाटे सोडले. थोरल्याला गप्प बसवत नव्हतं. ह्याच औंढ्याजवळ, दुधाळ्याच्या शिवारात, लायगो नावाची प्रयोगशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारनं 2023मध्ये तिला सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात, त्यात लेसर. दोन कृष्णविवरं कुठंतरी एकमेकांवर आदळतात, त्याच्या लहरी अब्जावधी वर्षं प्रवास करून इथं पोचतात आणि त्या वेळी नळीची लांबी प्रोटॉनपेक्षाही कितीतरी कमी फरकानं बदलते. तो फरक मोजायचा. अमेरिकेत 14 सप्टेंबर 2015ला पहिल्यांदा मोजला गेला.

“आन् हितंच कामून?” आत्याबाईंनी ठेच्याचं बोट चाटत विचारलं.

“इथली जमीन शांत आहे, आजी. हादरे कमी. साधी वाहनं गेली, वारा सुटला तरी त्यांच्या यंत्राला त्रास होतो. म्हणून शोधून-शोधून आपला जिल्हा निवडला.”

आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. जागा बघायला ती मंडळी आली, ती नक्कीच आडवारी आली असणार.

तेव्हा शास्त्रज्ञांना आत्ताच एक विनंती करून ठेवते. यंत्र सुरू झाल्यावर एखाद्या रविवारी सकाळी सहा ते साडेनऊच्या दरम्यान हिंगोलीच्या बाजूनं जोराच्या लहरी आल्या, तर घाईनं जगाला कळवू नका. तिकडं कुठलीही कृष्णविवरं आदळलेली नसतील. आम्ही सहलीला निघालेले असू.