कौटुंबिक सायकल मोहिमेच्या दलप्रमुखांस

प्रति,
माननीय दलप्रमुख (स्वयंनियुक्त),
कौटुंबिक सायकल मोहीम, कोथरूड, पुणे.



पत्र खुलं लिहिते आहे, राग नसावा. तुमच्या प्रत्येक फेरीचा नकाशा, सरासरी वेग आणि चढावर छातीचे ठोके किती झाले याचा आलेख, हे सगळं तुम्ही घरी पोचायच्या आत शेकडो ओळखीच्या-बिनओळखीच्या माणसांपर्यंत पोचलेलं असतं. घरातलं दूध संपलंय ही बातमी मात्र तुमच्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा म्हटलं, आपणही जाहीरच बोलावं.

आधी आपल्या वाहनाविषयी. त्याला स्टँड नाही, कॅरियर नाही, मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही, घंटी नाही. एकेक वस्तू काढत गेलं की किंमत वाढत जाते, हा व्यवहार मला अजून उमगलेला नाही. पण दुकानदाराला उमगलेला दिसतो. स्टँड नसल्याने ती सायकल स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाही. म्हणून ती दिवाणखान्यात भिंतीला टेकून असते, आणि पाहुणे आले की खुर्च्या सरकतात, ती सरकत नाही. मडगार्ड नसल्याने पावसाळ्यात मागच्या चाकाचा चिखल आपल्या जर्सीच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत एका सरळ रेषेत उमटतो. त्या जर्सी मशीनमध्ये टाकायच्या नाहीत, हातानेच धुवायच्या, असं आतल्या पट्टीवर लिहिलेलं आपण मला मोठ्याने वाचून दाखवलंत. कुणाच्या हाताने, ते पट्टीवर नव्हतं. तरी मला कळलं.

आता कर्वे पुतळ्याच्या चौकातल्या प्रसंगाकडे वळते. आपल्या बुटांच्या तळाला प्लॅस्टिकचे क्लीट असतात, ते पायडलमध्ये खटकन अडकतात, आणि त्यामुळे पाय वर येतानाही जोर लागतो, असं आपण जेवताना समजावलं होतंत. सुटायचं झालं तर टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. हे सोपं आहे. फक्त ते थांबायच्या आधी आठवावं लागतं. सिग्नल लाल झाला, आपण थांबलात, आणि टाच वळवायचं आठवेपर्यंत आपण सायकलसकट, सावकाश, अगदी राजेशाही थाटात डावीकडे आडवे झालात. वेग शून्य. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं म्हणे, “काका, पाय नाही का टेकवायचा?” प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला आपले पाय मोकळे नव्हते.

खरा अपघात त्यानंतर झाला. आपल्या घड्याळाला वाटलं की आपण गंभीर जखमी आहात, आणि त्याने आपला ठावठिकाणा नकाशासकट माझ्या फोनवर पाठवला. मी कणकेच्या हातांनी स्कूटर काढली. येऊन बघते तर दलप्रमुख फुटपाथवर बसून गुडघा नव्हे, घड्याळ तपासताहेत. मला पाहताच पहिलं वाक्य काय, तर “बरं झालं, पॉझ झालं होतं. सरासरी बिघडली नाही.” त्या दिवशी पोळ्या बिघडल्या, त्याची नोंद कोणत्याही ॲपवर नाही.

हे एकट्याचे पराक्रम झाले. त्यात आम्ही फक्त प्रेक्षक असतो. पत्राचा मुख्य विषय आहे तो सहकुटुंब सहलींचा, ज्यात आम्ही कलाकार असतो आणि मारही आम्हालाच बसतो.

खडकवासल्याची सहल आठवा. सूचना होती: पहाटे निघायचं, म्हणजे सिंहगड रस्ता मोकळा मिळतो. मान्य. दुसरी सूचना: सगळ्यांनी एकामागे एक, चाकाला चाक लावून चालवायची, म्हणजे पुढचा वारा कापतो आणि मागच्यांची शक्ती वाचते. शर्यतीतले लोक असंच चालवतात हेही खरं. पण त्या लोकांची पुढे राहायची पाळी बदलत असते. आपली बदलली नाही. कन्येने विचारलंही, “बाबा, नेहमी तुम्हीच पुढे का?” आपण म्हणालात, “कारण वारा मी घेतो.” उरलेल्या गोष्टी कोण घेतं ते बघायला आपण मागे वळला नाहीत. चार जणांचं पाणी, दशम्या, लोणच्याची बरणी, हवेचा पंप, बँडेज आणि चिरंजीवांचं स्वेटर हे सगळं माझ्या बास्केटमध्ये होतं. बास्केट असलेली सायकल मोहिमेत एकच आहे आणि आपण तिला ‘भाजीची सायकल’ म्हणता.

नांदेड फाट्याच्या पुढे गतिरोधक आला. गतिरोधक कसा असावा याचे नियम इंडियन रोड्स काँग्रेसने घालून दिलेले आहेत: रुंदी ३.७ मीटर, मधोमध उंची १० सेंटिमीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने वाहन अलगद पार होतं. हा गतिरोधक हे नियम न वाचता जन्माला आला होता. उंची दुप्पट, रुंदी हातभर, आणि वर पांढरे पट्टे मारायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. आपल्याला तो दिसला. आपण ब्रेक दाबलात. मागे चाकाला चाक लावून येणाऱ्यांना तो दिसायचं कारणच नव्हतं, कारण पुढे आपण वारा कापत होतात. कन्या आपल्या मागच्या चाकात, चिरंजीव कन्येत, आणि मी दोघांना वाचवायला गेले ती कडेच्या खडीत. सुदैवाने कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. लोणच्याची बरणी मात्र उडाली ती आपल्या परदेशी जर्सीवर, आणि लिंबाचं ते लोणचं हाताने धुऊनही अद्याप निघालेलं नाही. मी जोर लावला होता. फार नाही.

एवढ्यावर सहल थांबली नाही. धरणाच्या अलीकडेच दोन पंक्चर झाली, एक चिरंजीवांचं, एक आपलं. चिरंजीवांची सायकल पंक्चरवाल्याने उलटी केली, ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवली, बुडबुडे दिसले तिथे घासलं, सोल्यूशन लावलं, ठिगळ मारलं आणि हवा भरून दिली. मग आपली ट्यूब हातात घेतली. ठिगळ तिलाही लागलं. हवा भरायला गेला आणि वाल बघून थबकला. आपला वाल बारीक, लांबट, टोकाला इवलंसं मळसूत्र असलेला. नेहमीच्या पंपाचं तोंड त्याला बसत नाही. मध्ये बोटाच्या पेराएवढा पितळी अडॅप्टर लागतो. माझ्या बास्केटमधला पंपही नेहमीचाच, चिरंजीवांच्या सायकलचा. आपल्याकडे अडॅप्टर होता. घरी होता. वजन वाढतं म्हणून घरी ठेवला होता.

हरकत नाही, आपल्याकडे कार्बन डायऑक्साइडची अंगठ्याएवढी नळकांडी होती, ती क्षणात टायर भरते. तिने क्षणात खडकवासल्याचं वातावरण भरलं. वायू असा एकदम सुटला की नळकांडी बर्फासारखी गार पडते, म्हणून ती कापडात धरायची असते, हे आपल्याला बोटं चिकटल्यावर कळलं. पंक्चरवाला बराच वेळ गप्प होता. मग अगदी आदराने म्हणाला, “सायब, गाडी भारीच आहे. पण हिला आमच्यासारख्याची दृष्ट लागती.”

आम्ही तिघं पुढे धरणावर गेलो, भाजलेली कणसं खाल्ली, पाणी पाहिलं. आपण शहराकडे निघालेल्या भाजीच्या टेम्पोत मेथीच्या जुड्यांवर सायकल आडवी ठेवून परतलात. घड्याळ बंद करायचं राहिलं. त्यामुळे खडकवासला ते धायरी या टप्प्यावर त्या दिवशीचा सर्वांत वेगवान सायकलस्वार म्हणून आपलं नाव झळकलं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आपण मेथीचे राजे झालात. अभिनंदनाचे संदेश आले. संध्याकाळी कुणीतरी तक्रार नोंदवेपर्यंत आपण तो विक्रम मिटवला नाहीत, हे मी पाहिलं आहे.

आपल्या बोलण्यात मोठ्या माणसांचे दाखले फार येतात, आणि ती माणसं मोठीच आहेत. नाशिकचे डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पार करून आले. पण त्या शर्यतीत मागून गाडीत एक अख्खा ताफा येतो: खाणं देणारे, रस्ता दाखवणारे, चाकं बदलणारे. आपल्या ताफ्यात मी आहे. वेदांगी कुलकर्णी विशीतच एकटी जगाला सायकलने फेरी मारून आली. कॅनडात तिच्या मागे अस्वल लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, तरी तिने पुढे चालवली. सूसच्या चढावर आपल्या मागे एक कुत्रं लागलं. मी त्याला ओळखते, त्याचा एक डोळा अधू आहे. त्यानंतर दोन आठवडे मोहिमेचा मार्ग बदलण्यात आला होता. आणि ती ब्रेव्हे नावाची लांब पल्ल्याची फेरी, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत. आपण जरूर करावी. नोंदणीच्या फॉर्ममध्ये संकटकाळी संपर्क म्हणून माझा नंबर घालण्याआधी मला विचारलं असतंत, तर त्या दिवशी मी कणिक भिजवणार नाही, एवढं आधीच सांगितलं असतं.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली तेव्हा तर आपण पोरांना घेऊन रस्त्याच्या कडेला जागा धरून बसला होतात. देशोदेशीचे सायकलपटू आले आणि पाचोळा उडावा तसे गेले. चिरंजीवांनी विचारलं, “संपलं?” संपलं होतं. पण त्या शर्यतीसाठी रस्ते गुळगुळीत झाले होते आणि त्या गुळगुळीत रस्त्यावर त्याच संध्याकाळी कन्या माझ्या भाजीच्या सायकलवर एक हात सोडून चालवायला शिकली. आपण तेव्हा घरी विजेत्याच्या सायकलचं वजन शोधत होतात.

वजनाचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या बाबांच्या सायकलचं बोलू. पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाई तेव्हाची ती काळी, वीसेक किलोची, एकाच गिअरची सायकल. बाबा तिच्यावरून पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला जात, वर्षानुवर्षं, पाऊस असो वा ऊन. आणि रविवारी तिच्यावर अख्खं बिऱ्हाड निघे. पुढे नळीवर टॉवेल गुंडाळून त्यावर तुम्ही, मागे कॅरियरवर आई, हँडलला डब्याची पिशवी. सारसबाग, पर्वती, कधी बंडगार्डन. तेव्हा डबलसीट पकडत, बिनदिव्याची सायकलही पकडत. म्हणून चौक आला की आई उतरत, पदर सावरत पोलिसासमोरून सभ्यपणे चालत जात, आणि पलीकडे बाबा एक पाय टेकवून थांबलेले असत. आई हे सांगताना अजून हसतात. बाबांनी कधी सरासरी वेग काढला नाही. काढला असता तर त्यात आईंच्या चालण्याचाही वेळ धरावा लागला असता.

कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात आपण सगळे गेलो होतो, तेव्हा आई अशाच एका जुन्या सायकलच्या कॅरियरवर हात ठेवून बराच वेळ उभ्या होत्या. आपण दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांच्या घडीच्या सायकलपाशी होतात आणि ती किती ग्रॅमची ते विचारत होतात.

सायकल सोडा, असं मी म्हणत नाही. सकाळी आपण घराबाहेर असता त्या दीड तासात मी निवांत चहा पिते, तो मला सोडवणार नाही. डोंगर, घाट, ब्रेव्हे, काय करायचं ते एकट्याने करा, हाडं सांभाळून करा. मात्र ज्या दिवशी आम्ही सोबत असू, त्या दिवशी ती शर्यत नसते. येत्या रविवारी पाषाण तलावापर्यंत जायचं आहे. दलप्रमुखपद त्या दिवसापुरतं कन्येकडे राहील, तिला गतिरोधक आधी दिसतात आणि ती ओरडून सांगते. आपण भाजीची सायकल घ्यावी, सगळ्यांत मागे राहावं आणि बास्केट सांभाळावी. बूट साधे घालावेत. घड्याळ घरी ठेवावं, तेवढंच वजन कमी.

आणि ज्या वाचक भगिनींच्या घरी असेच दलप्रमुख आहेत, त्यांनी या पत्रातलं नाव-गाव बदलून ते खुशाल आपापल्या दिवाणखान्यातल्या सायकलच्या हँडलला अडकवावं. माझी परवानगी आहे.

कळावे,
आपली, ताफा

ता. क. तो पितळी अडॅप्टर मी आता बास्केटमध्ये टाकून ठेवला आहे. लागला तर मागून घ्यावा.